नूडल्सच्या हॉटेलात पाहुणे आणि कोरडी मोटर

मला बघायला पाहुणे आले ते आमच्या घरी नाही, जळगाव रोडवरच्या एका नूडल्सच्या हॉटेलात. हे सांगितलं की अजूनही लोक हसतात. त्यांना वाटतं, शहरात शिकलेली पोरगी, तिनंच हट्ट धरला असणार. हट्ट माझा नव्हता. ठरवलं अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, आणि तेही पाण्यापायी.

सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं होतं. हर्सूलच्या तलावात पाण्याच्या जागी गुरं चरत होती. शहराला मात्र त्याचं काही नव्हतं, ते वाढतच होतं. काल जिथं बाजरी होती तिथं आज प्लॉटच्या पांढऱ्या रेघा, उद्या चार मजली इमारत, गच्चीवर काळ्या टाक्यांची रांग आणि खाली हॉर्न वाजवत उभा टँकर. आम्ही राहायचो हर्सूलच्या पलीकडं गुंठेवारीत, म्हणजे शेताचे तुकडे पाडून विकलेल्या जागेवर. रस्ता नव्हता, नळ नव्हता. दारात निळे ड्रम होते आणि टँकरची वाट बघणं होतं.

अण्णा टँकरच चालवायचे. गाडी मालकाची, स्टिअरिंग अण्णांचं. दिवसभर शहराला पाणी वाटायचं आणि घरी येऊन तांब्याभर पाण्यात हातपाय धुवायचे. आमच्या गल्लीची पाळी आली की आमच्या ड्रमातही शेजाऱ्यांएवढंच पाणी पडायचं. आई कधी पुटपुटली, "अहो, एक बादली वरची," की ते पाईप खांद्यावर टाकून पुढच्या दाराला जायचे.

अशा घरात पाहुणे कसे आणायचे? आमच्याकडं माणूस दारात आला की आधी पाय धुवायला पाणी, मग प्यायला पाणी, मग चहा आणि मग बोलणं. एवढ्या माणसांच्या पायांवर पाणी ओतलं असतं तर पुढं स्वयंपाकाला काय राहिलं असतं? अण्णा म्हणाले, "आपण त्यांना त्या नूडल्सवाल्या बाईकडं नेऊ. तिथला हौद मी भरतो. कुठल्या विहिरीचं पाणी हाय ते मला ठावं हाय. पाहुण्याला माहितीतलं पाणी पाजलं म्हणजे झालं."

ते हॉटेल मलाही माहीत होतं. बी.एस्सी.चा निकाल लागला त्या दिवशी अण्णांनी मला आणि आईला तिथंच नेलं होतं. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. घरातलीच काय, आईकडच्या आणि अण्णांकडच्या दोन्ही खानदानांत माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. हे मी जिथं जाईन तिथं सांगते, त्यात लाजायचं काय? पेढे तर सगळेच वाटतात. अण्णांना वाटलं, पोरीनं काहीतरी नवीन केलंय, तर तिला नवीनच काहीतरी खाऊ घालावं.

हॉटेल चालवणाऱ्या बाई मणिपूरच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळं या शहरात आल्या, नवरा कंपनीत जाऊ लागला आणि बाईंनी शटरचा गाळा घेऊन हे सुरू केलं. भिंतीवर पदार्थांचे मोठे फोटो, खाली नंबर. काय खायचं ते नाव न घेता बोट दाखवून सांगता यायचं. हे मला फार आवडलं होतं. नाव चुकलं म्हणून कुणी हसणार नाही. स्वयंपाकघर काचेच्या मागं उघडं. बाई पीठ मळायच्या, लाटायच्या, घडी घालून सुरीनं सरसर कापायच्या, कापलेला गुंता हातावर उचलून एकदा झटकायच्या आणि उकळत्या पाण्यात सोडायच्या. आईची नजर त्यांच्या हातांवरून हटली नव्हती. उन्हाळ्यात बाजेवर शेवया घालण्यात आईचा हात धरणारं आमच्या गल्लीत कुणी नव्हतं, त्यामुळं तिचा शब्द म्हणजे परीक्षकाचा शब्द. ती म्हणाली, "पीठ चांगलं तिंबलंय बाईनं." एवढंच. पण आईकडून एवढं ऐकायला मला बारावीत डिस्टिंक्शन काढावं लागलं होतं.

तर पाहुण्यांना तिथं न्यायचं यात मला काही गैर वाटलं नाही. गैर वाटलं ते आदल्या दिवशी मामा आले तेव्हा.

मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. स्थळ त्यांनीच आणलं होतं. मुलगा सिल्लोड तालुक्यातला, फर्दापूरकडच्या एका शाळेत शिक्षक. फोटोत मला तो बरा वाटला होता, हेही सांगून टाकते. मामा चहा पिता पिता अण्णांना म्हणाले, "दाजी, उद्या जरा बेतानं. मी त्यांना सांगितलंय, तुम्ही पाणीपुरवठा खात्यात कायम नोकरीला हाय."

मी आत कपडे घडी करत होते. बाहेर आले. "मामा, हे खोटं का सांगितलंत?"

"खोटं काय त्यात? दाजी पाणी पुरवत नाहीत का?"

"खातं कुठंय?"

"हे बघ, बी.एस्सी. झाली म्हणून मला शिकवू नको. मुलाचे चुलते लई कडक हायत. टँकरवाल्याची पोरगी म्हणलं असतं तर इथवर आले असते का?"

मी अण्णांकडं पाहिलं. मला वाटलं, आता ते मामांना झापतील. ते कपातल्या चहाकडं बघत होते. मग म्हणाले, "तासाभराचा प्रश्न हाय, बाई. मी गप बसतो, तू बी गप बस."

"आणि लग्न झाल्यावर? दर सणाला टँकर लपवून ठेवायचा का?"

"पुढचं पुढं."

त्या रात्री मी जेवले नाही. ज्या माणसानं उन्हातान्हात पाईप ओढून मला शिकवलं, त्यानं माझ्यासाठीच स्वतःला लपवायचं, हे मला पचत नव्हतं. स्थळ मला हवं होतं, पण अण्णांना लपवून नको होतं. आणि अण्णांचा शब्द मोडायची सवय मला नव्हती.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी सुट्टी घेतली. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, केसांना तेल लावलं. आम्ही पाहुण्यांच्या आधी पोचलो. बाई काउंटरमागून बाहेर आल्या आणि अण्णांना म्हणाल्या, "वेलकम, सर."

मला काही कळेना. एरवी त्या त्यांना "अंकल" म्हणायच्या, पाईप आत घेताना सोबत हात लावायच्या. अण्णांनी नजर चुकवली तेव्हा उमगलं. ते आदल्या दिवशी मामा गेल्यावर हौद भरायला आले तेव्हा बाईंना सांगून गेले होते की उद्या ओळख दाखवू नका. आणि बाईंनी काही न विचारता मान डोलावली होती.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि चुलते. चुलत्यांनी आत पाऊल टाकलं, भिंतीवरचे फोटो पाहिले, लाकडी बाकं पाहिली आणि विचारलं, "हे काय हाय? बुद्धाच्या देशातलं जेवण का?"

मामा म्हणाले, "मॉडर्न हाय, मॉडर्न. एशियन म्हणत्यात."

"मग आपण काय आफ्रिकेत ऱ्हातो का?"

मुलगा खाली मान घालून हसला. ते मी पाहिलं.

बसल्यावर मुलाच्या आईनं जाहीर केलं, "मला चतुर्थी हाय. मी काई खाणार नाय." आमची आई कावरीबावरी झाली. पाहुणीला उपाशी कसं ठेवायचं? मग तिला दिसलं, शेजारच्या टेबलावर कॉलेजच्या दोन मुली उंच ग्लासातून दुधाचा चहा पीत होत्या आणि तळाशी काळे काळे गोळे होते. आई उठली, काउंटरवर गेली आणि खाणाखुणा करून, थोडं हिंदी, थोडं मराठी, बाईंना विचारून आली. परत आली ती जिंकूनच. "अहो, ते साबुदाण्याचं हाय! त्याच कंदाचं. काळं दिसतंय ते गुळासारख्या साखरेनं."

मग दोन्ही आयांची पंचायत बसली. चहा उपवासाला चालतो. दूध चालतं. साखर चालते. साबुदाणा तर उपवासाचाच. मुलाची आई म्हणाली, "मग चालत नाय असं राहिलं काय त्यात?"

चुलते म्हणाले, "बर्फ."

"बर्फ म्हंजे पाणीच की, भाऊजी. पाणी काय उपवासाला वर्ज्य हाय?"

असा निकाल लागला. दोघींनी बबल टी घेतला. जाड नळीतून पहिला गोळा वर आला तेव्हा मुलाच्या आईचे डोळे मोठे झाले. तोंडावर पदर धरून त्या कितीतरी वेळ चावत राहिल्या. मग म्हणाल्या, "खिचडीपेक्षा बरंय. गिचका व्हत नाय." आणि पुन्हा नळीला तोंड लावलं.

त्या हॉटेलात वाढपी नव्हते. नंबर पुकारला की ज्यानं मागवलं त्यानं उठायचं आणि आपला ट्रे आपण आणायचा. आमच्याकडं बघण्याच्या कार्यक्रमात ट्रे मुलीच्या हातात असतो. पोहे घेऊन ती येते, सगळे तिच्या चालण्याकडं, हातांकडं, कप हलतो का याकडं बघतात. मी सवयीनं उठायला गेले. पण फोटोवर बोट मुलानं ठेवलं होतं, म्हणून बाईंनी त्याचाच नंबर पुकारला. तो उठला. चुलते म्हणाले, "आरं, तू कुठं चालला? मुलगी आणंल की."

"काका, इथं असंच हाय," असं म्हणून तो गेला.

आणि मी बसून पाहिलं. रश्श्यानं काठोकाठ भरलेले वाडगे, ट्रे दोन्ही हातांत, जीभ दातांत धरलेली, पावलं मोजून टाकत होता. थोडा रस्सा सांडलाच. पहिला वाडगा त्यानं अण्णांपुढं ठेवला. मला एवढं बरं वाटलं, की पुढचा विचार आणखीनच बोचायला लागला. ज्या माणसापुढं हा एवढ्या मानानं वाडगा ठेवतोय, तो कोण हे याला माहीतच नाही.

खायला सुरुवात झाली आणि सगळ्यांची सारखीच फजिती झाली. नूडल्स उचलायच्या दोन काड्या कुणालाच जमेनात. चुलत्यांनी त्या वाडग्यात उभ्या रोवून ठेवल्या आणि चमचा मागितला. मामांच्या हनुवटीवरून नूडल लोंबत होती. मुलीनं कसं बसावं, कसं खावं, हे बघायला कुणाला फुरसतच राहिली नाही. रस्सा झणझणीत होता, वर हिरवी पात, भाजलेला लसूण, लाल तेलाचे डोळे. खाली त्या नूडल्स, मऊ पण दाताला कळणाऱ्या. त्या दुष्काळात एवढा मोठा वाडगा भरून पातळ काही समोर येणं हीच चैन वाटायची. चुलत्यांनीही रस्सा वाडगा तोंडाला लावून प्यायला आणि म्हणाले, "जमलंय." मग रुमालानं कपाळ पुसून अण्णांकडं वळले. "मग, खात्यात तुमच्याकडं कोणता विभाग?"

अण्णांनी तोंड उघडलं, पण त्याच वेळी मागच्या बाजूनं आवाज आला.

आमच्या गल्लीत वाढलेल्या कुणालाही तो आवाज कळेल. हौदातून गच्चीवर पाणी चढवणारी मोटर पाणी असेपर्यंत जाड आवाजात गुरगुरते. पाणी संपलं की हवा ओढते आणि कोरडी घरघर सुरू होते. तशीच चालू राहिली तर जळते. अण्णांचा चमचा हवेत थांबला. त्यांचा चेहरा चुलत्यांकडं होता आणि कान मागच्या दाराकडं.

मी काचेतून आत पाहिलं. बाईंनी नळ उघडला, बंद केला, परत उघडला. दारात आलेल्या गिऱ्हाइकांना त्या म्हणाल्या, "सॉरी, सूप खतम हो गया." सूप संपलं नव्हतं. मोठ्या पातेल्यात रस्सा उकळताना मला दिसत होता. संपलं होतं ते पाणी. अण्णांनी सुट्टी घेतली होती आणि त्यांच्या जागी ज्यानं खेप टाकायची तो आलाच नव्हता. बाई आमच्या टेबलापाशी आल्या. "सर, सब ठीक है?" एवढंच विचारलं. अण्णांकडं जरा जास्त वेळ पाहिलं आणि काहीही न बोलता परत गेल्या. दुकान बंद पडायची वेळ आली होती, पाण्याचा माणूस समोर बसला होता, पण शब्द दिला होता म्हणून त्या त्याला "पाणी" म्हणत नव्हत्या. एका परक्या मुलखातून आलेल्या बाईनं आमच्या खोट्याची एवढी इज्जत राखावी, हे बघून मला माझी लाज वाटायला लागली.

घरघर चढत चालली. अण्णांचा पाय टेबलाखाली हलत होता.

मी म्हणाले, "अण्णा, जा. मोटर जळंल."

मामांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. चुलते म्हणाले, "कसली मोटर?"

"मागची. हौद रिकामा झालाय." मग मी मुलाच्या आईकडं वळले. पाठ केलेलं असावं तसं बोलले, पण पाठ केलेलं नव्हतं. "माझे वडील खात्यात नाहीत. ते टँकर चालवतात. या हॉटेलचा हौद तेच भरतात. तुम्ही आत्ता प्यालात ते पाणी त्यांनीच आणलेलं. मी शिकले तीसुद्धा त्याच टँकरवर. तुम्हाला वेगळं सांगितलं गेलं, ते चुकीचं होतं."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. रागावले की काय ते कळायच्या आत उठून मागं गेले होते. घरघर थांबली. ते फोनवर कुणाला तरी दरडावताना ऐकू आले, "कुठं झोपलाय रं? आत्ता आण. आत्ता!"

मामा पाणी प्यायला ग्लास उचलून परत ठेवू लागले. चुलते म्हणाले, "म्हंजे आम्हाला फसवायला बोलावलं व्हतं." मुलगा उठला. मला वाटलं, निघाला. तो दाराकडं न जाता मागं गेला, अण्णांच्या पाठोपाठ.

मुलाच्या आईनं तळाचा शेवटचा गोळा ओढून खाल्ला. मग माझ्या आईला विचारलं, "तुमच्या घरी मग रोज पाणी आसंल. दारातच टँकर."

आई म्हणाली, "कुठलं आलंय रोज? गल्लीची पाळी आली की सगळ्यांना जेवढं तेवढंच. जास्त मागितलं तर पाईप घेऊन पुढं जात्यात."

"टँकरवाल्याच्या घरात बी?"

"व्हय. म्हणून तर तुम्हाला इथं आणलं. घरी पाय धुवायला देता आलं नसतं."

मुलाच्या आईनं माझ्या आईकडं नीट पाहिलं. मग दिराकडं वळून म्हणाल्या, "भाऊजी, आपल्या गावचा टँकरवाला आधी कुणाची टाकी भरतो?"

चुलते म्हणाले, "त्याच्या सासऱ्याची."

"मग?"

चुलत्यांनी मामांकडं असं पाहिलं, की मामा हात धुवायला उठले आणि नळ कोरडा आहे हे आठवून परत बसले. तेव्हा पहिल्यांदा सगळे हसले. चुलतेसुद्धा.

टँकर आला. मागच्या गल्लीत त्याच्या ब्रेकचा आवाज आला, पाईपाचा आवाज आला, मग हौदात पाणी कोसळल्याचा. बाई धावत मागं गेल्या. थोड्या वेळानं अण्णा आणि मुलगा परत आले. अण्णांच्या पांढऱ्या शर्टावर पाईपाचा काळा पट्टा उमटला होता. मुलाची पँट गुडघ्यापर्यंत ओली. तो आपल्या जागेवर बसला. त्याच्या वाडग्यातल्या नूडल्स रस्सा पिऊन फुगल्या होत्या. तरी त्यानं खायला सुरुवात केली. मग माझ्याकडं बघून तो माझ्याशी पहिलं वाक्य बोलला, "पाईप लई जड असतो हो."

"भरलेला असला की," मी म्हणाले.

त्याच्या आई नंतर माझ्या सासूबाई झाल्या. चतुर्थीला आम्ही अजूनही त्या हॉटेलात जातो. हॉटेल आता वाढलंय, शेजारचा गाळाही बाईंनी घेतलाय. साबुदाण्यावरून शंका काढणाऱ्या नातेवाइकांना सासूबाईच गप्प करतात. पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी होकार-नकार काहीच ठरलं नव्हतं. पाहुणे उठले, चपला घातल्या, चुलते अजून घुश्श्यातच होते. आम्ही सगळे दारात उभे होतो. बाई काउंटरमागून बाहेर आल्या. अण्णांकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली.

"अंकल," त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "कल टाइम पे आना."

अण्णांनी पाहुण्यांकडं पाहिलं नाही, मामांकडंही नाही. शर्टावरचा काळा पट्टा हातानं झटकला, तो जाणार नव्हताच, आणि म्हणाले, "येतो की. सकाळच्या पहिल्या खेपेला तुमचाच हौद."